छत्तिसावा फोटो

४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सहा वर्षांतलं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, पण ती जुन्या पत्त्यावर गेली होती, असं मी स्वतःला समजावते. हा पत्ता मामाने शोधला. त्याच्या ओळखीचा एक ट्रकवाला तुमच्या बोगद्याच्या कामावर सिमेंट टाकायला येतो. त्याने सांगितलं, फवारणीच्या मशीनवर एक उंच माणूस आहे, कोणाशी बोलत नाही. मामा म्हणाला, "हाच तो, आपलं रत्न."

मला शाळेत कायम केलं. घरात पहिली पदवी, पहिली कायमची नोकरी. बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "सगळे मिळून डोंगरावर जाऊ." आईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ज्यांनी तीस वर्षं पडद्यावर रंगवलेल्या डोंगरापुढे लोकांना फोटोला उभं केलं, ते खऱ्या डोंगरावर? मामाने विचारलंच, "दाजी, पडदा धुवायला टाकलाय का?"

आई, बाबा, मामा आणि मी. पहाटेच्या बसने पायथ्याशी, मग चार तासांची चढण. बाबांनी जुना कॅमेरा घेतला होता, छत्तीस फोटोंचा एकच रोल. आणि दादा, तुला खरं वाटणार नाही, ते दर वीस-पंचवीस पावलांवर फोटोसाठी थांबत होते. "तुम्ही व्हा पुढे, मला हा कातळ घ्यायचाय." थोडं पुढे गेलो की, "थांबा, ढग बघा कसा आलाय." एकदा नुसत्या वाळक्या गवतापुढे पाच मिनिटं उभे होते. मामा थट्टा करत होता, पण माझे डोळे भरून आले. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली काम केलेल्या माणसाला साठीत निसर्ग दिसतो, तेव्हा माणसाबद्दलचा विश्वास वाढतो. मी हे वर्गात मुलींना सांगणार आहे.

वर पोचलो तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता. बाबांनी आम्हाला दुकानात उभं करतात तसं उभं केलं. डावीकडे मामा, मग मी, मग हातभर मोकळी जागा, मग ते स्वतः आणि शेवटी आई. "जागा सोडा, मागचं शिखर दिसलं पाहिजे." कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला आणि धावत आले. फोटो निघाला. पाच मिनिटांत धुकं उतरलं आणि शिखर गेलं.

परतीच्या बसमध्ये ते माझ्याशेजारी बसले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती जागा त्याच्यासाठी आहे. त्याचा एखादा उभा फोटो मिळाला तर बसवता येईल."

त्याचा. नाव घेतलं नाही, पण सहा वर्षांत पहिल्यांदा विषय काढला.

दादा, जागा सोडलेली आहे. एक फोटो पाठव. पायापासून डोक्यापर्यंतचा. माणसं चुकतात आणि चुका दुरुस्त करता येतात, यावर माझा विश्वास आहे. तुझाही असू दे.

तुझी,
बारकी


१९ ऑक्टोबर

बारके,

तुझं पत्र साइट ऑफिसच्या कारकुनाने सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "शाळेतून आलंय का? अक्षर बाईंचं दिसतंय." तेव्हापासून इथे माझं नाव 'विद्यार्थी' पडलंय. कायम झालीस, चांगलं झालं. मनापासून लिहितोय.

डोंगर तुम्ही वरून पाहिलात. मी रोज आतून पाहतो. आतून डोंगर म्हणजे गळणारं पाणी, धूळ आणि भोंगा. भोंगा झाला की स्फोट, स्फोट झाला की आम्ही आत जाऊन उघड्या कातळावर सिमेंट फवारायचं, म्हणजे तो अंगावर येत नाही. आठ तास. त्यात तुझा निसर्ग कुठे दिसला तर कळवीन.

फोटो पाठवणार नाही.

आपल्या दुकानात अशी जागा कोणासाठी सोडत होते, ते तू विसरलीस. तू पुस्तकात डोकं घालून बसायचीस. मी नववीपासून ते काम केलंय. लोक यायचे, म्हणायचे, वडील गेले, पण घराच्या फोटोत हवेत. मग बाकीच्यांना जागा सोडून उभं करायचं आणि गेलेल्याचा फोटो कापून तिथे बसवायचा. बाबांचा नियमच होता, नसलेल्या माणसाला कडेला लावायचं नाही. कडेचा माणूस चिकटवलेला दिसतो. दोन्ही बाजूंना माणसं असली की तो आलाय असं वाटतं. शेकडो माणसं बसवली आम्ही दोघांनी. एकही जिवंत नव्हतं.

मी जिवंत आहे. मला चिकटवू नका.

तुझी वहिनीही अशाच कामाला दुकानात आली होती. नवरा गेलेला, त्याच्यासोबतचा एकही धड फोटो नाही. ते काम मी केलं. पुढे जे झालं त्यावर तुझे बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक आपल्या हातात दुःख देतं, तू त्यात हात घातलास." ठीक. ओरडले असते, मारलं असतं तरी चाललं असतं. मी घर सोडलं त्या दिवशी बसला वेळ होता म्हणून दुकानावरून गेलो. शोकेसमधला आपला चार जणांचा फोटो तीन जणांचा झाला होता. माझ्या जागी पडद्यावरचं झाड. काम इतकं सफाईचं की मलाही शिवण दिसली नाही. एका रात्रीत केलं होतं. तू घरात होतीस. परीक्षा होती तुझी, माहीत आहे.

आईला नमस्कार. ऑफिसला फोन करू नकोस, तो फक्त अपघातासाठी आहे.

दादा

ता. क. तुझं पत्र पुन्हा वाचलं. ते गवताचं मला पटत नाही. त्या माणसाने अख्खं लग्न एका रोलमध्ये बसवलंय. गिऱ्हाइकाने डोळे मिटले तरी दुसरा फोटो काढायला जिवावर यायचं. तो गवतावर फिल्म घालवणार नाही. वीस-पंचवीस पावलांवर थांबायला त्यांना काहीतरी कारण लागत होतं. छातीच्या डॉक्टरकडे ने. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.


३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझा ता. क. मी दहा वेळा वाचला. मी त्यांच्याबरोबर चार तास चढत होते आणि मला दिसलं नाही. तुला इतक्या लांबून, एका पत्रातून दिसलं.

रोल तोपर्यंत धुतलाच नव्हता. बाबा उद्या, परवा करत होते. फोटो धुवायच्या हायपोच्या वासाने खोकला येतो म्हणून डार्करूममध्ये जाणंच त्यांनी टाळलं होतं, हेही मला आता कळलं. शेवटी मी आत आणि ते पडद्याबाहेर स्टुलावर, असा रोल धुतला. ते घड्याळ बघून सांगायचे, "हलव. आता थांब. आता काढ."

पस्तीस फोटो आहेत, दादा. त्यांत एकही डोंगर सरळ नाही. अर्धा कातळ. बुटाचं टोक. पायवाट, तीही तिरकी. आभाळ, नुसतं पांढरं. काही तर डोळ्याला न लावताच दाबलेत. अकरा फोटोंत आमच्या पाठी आहेत, आई, मामा आणि मी, आणि प्रत्येक पुढच्या फोटोत आम्ही लहान होत गेलोय. मी एकदाही मागे वळलेली नाही. मी विश्वासाबद्दल विचार करत चालले होते.

डॉक्टरकडे नेताना आईला सांगितलं, शाळेतर्फे तपासणी आहे. डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? बाबा म्हणाले, "दम कुठला? फोटो काढत होतो." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. फुप्फुसं कडक होत चालली आहेत. आत झालेलं नुकसान भरून येत नाही. किती वेळ, असं मी बाबांना बाहेर बसवून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हिवाळा काढला तर बघू." मी विचारलं, हे बाबांना आधी माहीत होतं का? ते म्हणाले, तुमच्या वडिलांच्या खिशात उन्हाळ्यातलाच एक्स-रेचा रिपोर्ट आहे.

म्हणजे डोंगर माझ्या नोकरीसाठी नव्हता. फोटोसाठी होता. त्यांना तो फोटो पडद्यापुढे काढायचा नव्हता.

तू म्हणतोस, फक्त मेलेल्यांना बसवतात. असेल. पण त्यांना दुसरं काहीच येत नाही. काहींना माफी मागता येते, काहींना मिठी मारता येते. ह्यांना माणूस बसवता येतो. मी शोकेसच्या वेळी गप्प बसले. अभ्यास हे कारण खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. तू शाळा सोडून डार्करूममध्ये गेलास म्हणून मी शाळेत राहिले. हे मी आजवर तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

छत्तिसावा फोटो चांगला आलाय. शिखर स्वच्छ दिसतं. जागा तशीच आहे. तू फक्त फोटो पाठव, नाहीतर तू ये. येच.

तुझी,
बारकी


१७ नोव्हेंबर

बारके,

त्यांनी बोलावलं तर येईन. त्यांनी. तू नाही, आई नाही, मामा तर नाहीच.

फार मोठं काही लिहायला नको. बोलावणं दोन ओळींत मावतं.

औषधं वेळेवर दे. दुकानातली हायपोची बाटली फेकून दे.

दादा


१९ नोव्हेंबर

ताई,

तुला नावाने हाक मारायची सवय नाही, म्हणून ताई लिहिते, वयाने तू लहान असलीस तरी. आपण एकमेकींना तीनदा पाहिलंय. तू काउंटरमागे बसून पुस्तक मांडीवर लपवून वाचायचीस आणि वर न बघता म्हणायचीस, "दादा आतमध्ये आहे."

ह्यांना न सांगता लिहिते आहे. सोबत ह्यांचा फोटो आहे. मशीन नवीन आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने काढला होता. हेल्मेट काखेत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. उभे आहेत, पायापासून डोक्यापर्यंत. हसले नाहीत, पण ते इथे कुठल्याच फोटोत हसत नाहीत.

ह्यांचा राग तुम्हाला वाटतो तसा नाही. टपालाची गाडी मंगळवारी येते. मंगळवारी हे पाळी बदलून घेतात. पत्र आलं की तिथेच वाचतात, मग घरी येऊन मला वाचून दाखवतात, तुझ्या आवाजाची नक्कल करत. शेवटाला आले की नक्कल थांबते.

तुमच्या बाबांवर माझा राग नाही. त्या वेळी मी गेलेल्या माणसाला माझ्याशेजारी उभं करून घेतलं. तो फोटो पेटीत आहे. हेच अधूनमधून काढून पुसतात. बाबांना सांग, त्यांच्या दुकानातून मी दोन्ही गोष्टी नेल्या आणि दोन्ही नीट ठेवल्यात.

ह्यांना बोलावून घ्या. ह्यांना यायचंय.

तुझी,
वहिनी


२० डिसेंबर

प्रिय दादा,

हे पाकीट जाड आहे, कारण आत फोटो आहे. पण आधी पत्र वाच.

मी तुझ्याशी दोनदा खोटं बोलले. जागा नाही. छत्तिसाव्या फोटोत जागा नाहीच.

बाबा टायमर लावून धावत आले ना, दहा सेकंदांत, चढावर. माझ्याजवळ पोचले तेव्हा त्यांचा पाय लडखडला. चेहरा राखेसारखा झाला होता. मी एक पाऊल सरकले आणि त्यांचा हात धरला. मामाही माझ्यामागे सरकला. तेवढ्यात कॅमेऱ्याचा आवाज झाला. बाबा म्हणाले, "निघाला." मला वाटलं, छान, सगळे जवळ आलो. पुढे बसमध्ये त्यांनी जागा कशासाठी ते सांगितलं, तेव्हा मला माझं ते पाऊल आठवलं. तरी मी तुला लिहिलं की जागा आहे. वाटलं, कदाचित आवाज आधी झाला असेल, मी नंतर सरकले असेन. रोल धुतल्यावर कळलं. तरी पुन्हा तेच लिहिलं. वर्गात मी मुलींना खरं बोलायला शिकवते.

बाबांनी ओला फोटो दोरीवर बघितला. बराच वेळ. मग विचारलं, "जागा कुठे गेली?" मी म्हटलं, "मी घेतली." ते पंख्याखाली फोटो वाळायची वाट बघत बसले.

मामा म्हणाला, "दाजी, कडेला लावा की त्याला. माझ्या बाजूला भरपूर मोकळं आहे." बाबा म्हणाले, "कडेला पाहुणे उभे राहतात."

वहिनीचा फोटो आला. (तिला रागावू नकोस. रागावायचं असेल तर मला.) त्यांनी भिंग लावून तो तासभर बघितला. एकदाच बोलले, "बारीक झालाय." मामा म्हणाला, "बूट मात्र चढणीला बरोबर आहेत." त्यावर बाबा हसले आणि हसण्याने खोकला लागला तो थांबेना.

मी त्यांना तुझं म्हणणं सांगितलं. म्हटलं, बाबा, दोन ओळी लिहा, तो येईल. ते म्हणाले, "रिकाम्या हाताने कसं बोलवू? आधी हे होऊ दे."

तेव्हापासून रोज दुपारी, ऑक्सिजनची नळी काढून, अर्धा-अर्धा तास. डार्करूमचं काम माझ्याकडून करून घेतलं. ऊन डोंगरावर डावीकडून होतं, तुझ्या फोटोत उजवीकडून, म्हणून तुझ्या फोटोचा फोटो काढून ती निगेटिव्ह उलटी लावायला सांगितली. आकार जुळेपर्यंत सात प्रिंट काढल्या. पण कापणं स्वतःच. ब्लेड, मग मागून पॉलिश पेपरने कडा घासून घासून कांद्याच्या सालीसारखी पातळ. हात थरथरायचा, तो थांबेपर्यंत ब्लेड वर धरून बसायचे. एक माणूस कापायला पूर्वी त्यांना पाऊण तास लागायचा, असं तेच म्हणाले. ह्याला बारा दिवस लागले.

मला वाटत होतं, ते मला आणि मामाला कापून बाजूला सरकवणार आणि मध्ये जागा करणार. परवा बघते तर त्यांनी स्वतःला कापलं होतं. डोंगरावरचे बाबा टेबलावर वेगळे पडले होते, बोटभर.

मी ओरडलेच. "बाबा, हे काय केलंत?"

"जागा हवी होती."

"मला कापा, मामाला कापा. तुम्ही कशाला?"

"घरच्या फोटोत फोटोग्राफर कुठे असतो?" असं म्हणाले आणि ब्रश ओला केला.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "सगळ्यांना उभं करायचं आणि स्वतः बाहेर राहायचं. जन्मभर हेच." मग तिने त्यांच्या पाठीमागे उशी नीट लावली, म्हणजे त्यांना वाकून काम करता यावं.

तू आता माझ्या आणि आईच्या मध्ये उभा आहेस. प्रिंटच्या मागे त्यांनी स्वतः काहीतरी लिहिलंय. मला वाचू दिलं नाही. पाकीट तेच चिकटवणार आहेत. माझं पत्र मागितलंय, न वाचता आत घालतो म्हणाले.

डॉक्टर आता हिवाळ्याचं बोलत नाहीत. आठवड्यांचं बोलतात. दादा, ये.

तुझी,
बारकी


१८ जानेवारी

बारके,

काल पोचलो. तुझ्या वहिनीने दार उघडलं आणि पाणी तापवायला ठेवलं.

आठ दिवस तुमच्यात होतो आणि तुला एक गोष्ट सांगायची होती. आई समोर असायची, नाहीतर माणसं असायची. खरं म्हणजे एकदा आपण दोघंच दुकानात होतो. तेव्हाही सांगितलं नाही. म्हणून लिहितो.

आईला मी म्हणालो, टपाल उशिरा आलं. टपाल वेळेवर आलं होतं. सव्वीस तारखेला, मंगळवारी, कारकुनाने हातात दिलं. म्हणाला, "विद्यार्थी, या वेळी निबंध मोठा आहे." मी पाकीट हातात तोललं. जाड. मला वाटलं, बोलावणं असतं तर पातळ असतं. बाबांनी बोलावलं नाही आणि त्याची भरपाई म्हणून बारकीने सहा पानं भाषण लिहिलंय. मी ते न उघडता कामावरच्या लॉकरमध्ये टाकलं, हातमोज्यांखाली. घरी नेलं असतं तर हिने उघडायला लावलं असतं.

नऊ दिवस. रोज हातमोजे काढताना ते दिसायचं. रोज मी त्याच्यावर हातमोजे ठेवायचो.

दहाव्या दिवशी स्फोट लांबला, बाहेर बसून राहायचं होतं, म्हणून उघडलं. आधी फोटोच हातात आला. तुला माहीत आहे, मी हे काम केलंय, मी आधी शिवण शोधतो. हेल्मेटच्या दिव्यात धरून बघितला. मानेजवळ नाही. बुटांजवळ नाही, दगडावर सावलीसुद्धा पडलीय. भांग उलटीकडे आहे, पण ते मलाच कळेल. मग तू धरलेला हात बघितला. बारके, बाही माझी नाही. तुझी बोटं त्यांच्या बाहीवर होती आणि ती त्यांना सोडवता आली नाहीत, किंवा सोडवायची नव्हती. कोपरापासून खाली हात त्यांचाच आहे. नखं काळी आहेत.

मागे दुकानाचा शिक्का आहे आणि त्याखाली त्यांचं अक्षर. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. असं लिहिलंय, "सावली बरोबर पडली का, येऊन सांग."

एक ओळ. दोनसुद्धा नाहीत.

मी त्याच कपड्यांत निघालो. दोन बस आणि एक ट्रक. पोचलो तेव्हा मामा फाटकात उभा होता. तो कधी गंभीर झालेला मी पाहिला नव्हता. म्हणाला, "काल संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते रे." एवढंच बोलला आणि माझी पिशवी घेतली. नऊ दिवसांतला एक दिवस कमी केला असता तरी पुरलं असतं.

दुकानाचं तू विचारत होतीस. मी घेणार नाही. तुला वाटतंय की त्यांनी मला परत बसवलं, आता मी परत यावं, म्हणजे सगळं नीट होईल. तुझा माणसांवर विश्वास आहे, तो असू दे. पण माझं सगळं मिटलेलं नाही. शोकेसमधला तो फोटो आठवला की आजही तसंच होतं. आणि ज्याच्यावर चिडायचं तो आता नाही, म्हणून ते कुठे ठेवायचं कळत नाही. कॅमेरे विक, पडदा कोणाला हवा असेल तर देऊन टाक. आईला उन्हाळ्यात आमच्याकडे घेऊन ये. इथे खोली लहान आहे, पण खिडकी आहे.

आता तुझं. तू जागा घेतलीस म्हणून तू रडलीस, दुकानात, माझ्याकडे पाठ करून. तू सरकली नसतीस तर ते पडले असते. तिथे ज्याने हात धरायचा तो मी नव्हतो. त्या दिवशी मी डोंगरावर नव्हतो, बारके. मला नंतर कितीही सफाईने बसवलं तरी नव्हतो.

म्हणून एक काम कर. छत्तिसाव्याची मूळ निगेटिव्ह तुझ्याकडे आहे. तिची मोठी प्रिंट काढ. मामा, तू, बाबा, आई. त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत असेल तर दिसू दे. ब्रश लावू नकोस, काही उजळू नकोस. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढणारे तेच होते.

ती मला पाठव. सोबत पत्र घाल, हवं तेवढं मोठं. भाषण असलं तरी चालेल. मी इथल्या कारकुनाला सांगून ठेवलंय की माझं टपाल आलं तर बोगद्यात निरोप पाठव. आता मी पाकीट आल्या आल्या उघडतो.

दादा